मामंजींचा चिरा

"मामंजी, आणखी भात वाढू?"

मी विचारलं आणि कॅप्टनसाहेबांचा घास तोंडापाशी जाऊन थबकला. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. पडवीत पाटावर बसलेलं त्यांच्याशिवाय कुणीच नव्हतं. समोर पळसाची पत्रावळ, तिच्यावर वरईचा भात, उडदाचे वडे, अळूची भाजी, तांदळाची खीर. अंगात हिरवा लष्करी सदरा आणि कपाळावर माझ्या सासूनं ओढलेलं गंधाचं बोट.

"मला विचारताय?"

"व्हय, मामंजी."

"अगं, इचारतीस काय? वाढ!" आत्याबाई चुलीपासून ओरडल्या. "भाताला नाय म्हणलेला माणूस हाये का तो? लगीन झाल्यापासनं बघते मी."

कॅप्टन देवतळे तिशीचे, बिनलग्नाचे, वर्ध्याकडचे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चांगुणाबाई; पन्नाशी कधीच ओलांडलेल्या. साहेबांनी तो घास गिळला, पण असा, की जणू भातात खडा आहे.

तेव्हा आमच्या डोंगरात वीज नव्हती. मी लग्न होऊन वांजुळवाडीला नुकतीच आले होते. भादव्यातला पितरपंधरवडा चालू होता. आमच्याकडं घरातलं माणूस ज्या तिथीला गेलं, त्या तिथीला बाहेरच्या एकाला त्याच्या नावानं जेवायला बसवतात. त्यालाच पितर म्हणतात. घास त्यानं खायचा, पोट भरायचं गेलेल्याचं. मात्र पितर भावकीतला चालत नाही, आणि आमची अख्खी वाडी एकाच भावकीची. दर साली ओढ्यापलीकडून कुणी ना कुणी येई. त्या साली ओढा दोन्ही काठ धरून चालला होता, पलीकडचं माणूस इकडं यायची सोय नव्हती. मग आत्याबाई म्हणाल्या, "ठमे, शाळेत पलटणीची माणसं उतरलीत ना? त्यातला साहेबच घेऊन ये. दुसरा कुणी नको."

मी सातवीपर्यंत शिकलेली, म्हणून निरोपाचं काम माझ्याकडं. साहेब आले. टोपी काढून, पाय धुऊन, सांगितलं तिथं बसले. आणि माझ्या नवऱ्याच्या बापाच्या जागी बसले म्हटल्यावर माझे ते सासरेच झाले. सासऱ्याला मामंजी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

खीर वाढून झाली तशा आत्याबाई पदर खोचून समोर येऊन बसल्या.

"हां. आता ऐका, नवसूच्या बा. वर्साचं बोलणं एका जेवणात उरकायचं असतं, तवा मधी बोलू नका."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पदराआडून मान हलवली: ऐका.

"तुमी गेलात तवा गाय व्यायला झाली होती. पाऊस असा, की हात पुढं केला तर हात दिसंना. मी एकटी. कडंवर हा," त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या माझ्या नवऱ्याकडं बोट केलं. नवसूला तेव्हा चांगल्या झुबकेदार मिशा होत्या. तो संकोचून भिंतीला आणखी चिकटला. "वासरू आडवं आलं होतं. मी शेणात बसून तुमच्या नावानं शिव्या घातल्या. ऐकू आल्या का?"

साहेबांनी वड्याचा तुकडा मोडून हातातच धरला.

"आन हिरड्याच्या झाडावर चढू नका, फांदी वली हाये, असं मी म्हणलं होतं का नव्हतं?"

मी हळूच म्हटलं, "व्हय म्हणा."

"हो," साहेब म्हणाले. "म्हणाला होतात."

"मंग?"

साहेबांनी पत्रावळीकडं पाहिलं, मग आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहिलं.

"चुकलं," ते म्हणाले.

आत्याबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. मग त्या माझ्याकडं वळल्या. "ऐकलंस का गं ठमे? जित्तेपणी एक डाव तोंडातनं निघालं नाय ते. मरून सुधारला माणूस!" असं म्हणून त्यांनी आणखी दोन वडे त्यांच्या पानात असे टाकले, की पत्रावळ फाटते की काय.

साहेब जायला उठले तेव्हा आत्याबाईंनी उंबऱ्यातूनच सांगून टाकलं, "आता पुढच्या भादव्यापर्यंत तुमी आमच्या घरचे. येत जा, जात जा. वाट वाकडी करू नका."

साहेब हसले. थट्टाच वाटली त्यांना. त्यांना आत्याबाई अजून कुठं ठाऊक होत्या?

साहेब कशाला आले होते, ते आता सांगते. वाडीच्या वर डोंगराची एक सोंड पुढं आलीय, तिच्यावर आमची राई आहे. हिरडे, जांभळी, उंबर, गेळे, आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली. त्या रानातलं वाळलं लाकूडही कुणी चुलीत घालत नाही. आम्ही महादेव कोळी; आमच्या वाडीत माणूस गेलं की त्याच्या नावाचा चिरा त्या राईत उभा करतात. गुडघ्याएवढा दगड, त्यावर ना नाव ना साल. कुठला कुणाचा, ते बायकांना ओव्यांसारखं पाठ. माझ्या सासऱ्यांचा, धावजीबाबांचा चिरा हिरड्याखाली आहे. नवसू रांगत होता तेव्हा ते गेले. चिऱ्याखाली ते तिशीचेच राहिले, आणि बाहेर आत्याबाई म्हाताऱ्या झाल्या.

सरकारला नेमकी तीच सोंड हवी होती. तिथं रडार बसवायचं, भोवती तार, खालून रस्ता. जागा सपाट, खालची सडक जवळ. कागद वरूनच ठरून आले होते. साहेबांनी मोजमाप करायचं, मग त्यांच्यावरचे मोठे साहेब येऊन पाहणार, आणि दसऱ्यानंतर झाडं पडायला सुरुवात. वाडीतली माणसं तालुक्याला जाऊन आली. तिथं त्यांना सांगितलं, देशाचं काम आहे. आता आमची दोन पोरं पलटणीतच होती. देशाला नाही म्हणायला कुणाची जीभ वळेना, आणि राई द्यायला कुणाचा हात उठेना. माणसं परत आली ती मान खाली घालून.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी साहेब आपल्या माणसांना घेऊन राईकडं निघाले. पाण्याला जाणाऱ्या बायका वाटेत भेटल्या. साहेबांना पाहताच त्यांनी हंडे खाली ठेवले, डोक्यावरून पदर ओढले, आणि वाट सोडून बांधावर ओळीनं उभ्या राहिल्या. हवालदार बघतच राहिला.

"काय झालं?" साहेबांनी मला विचारलं. मी ओळीतच होते.

"मोठं माणूस वाटंनं चाललंय, मामंजी. सुनांनी आडवं जाऊ नये."

"सगळ्या सुना?"

"भावकी एकच ना! सगळ्यांचे तुमी चुलतसासरे लागता."

पदराआड खुसखुस सुरू झाली. साहेबांनी पाऊल उचललं तशी मागच्या घरातून जात्याची घरघर आली, आणि तिच्यावर आत्याबाईंचा आवाज:

*राईच्या वाटंवरी कोण टोपीवाला आला,*
*माझ्या गं धन्यानं नवा सदरा घातला.*

साहेब भराभर चालू लागले, तशी ओवीही मागं लागली:

*दांडीनं मोजितो गं, रान उभं नि आडवं,*
*आपल्याच अंगणाला म्हणे ठिकाण हे नवं.*

त्या दिवसापासून साहेबांना वाडीत सुख म्हणून उरलं नाही. चावडीवरची म्हातारी माणसं त्यांना हाका मारून बोलवायची. "धावजी, ये, बस. तू गेल्यावर काय काय झालं ते तुला कुणी सांगितलंच नसंल." मग कुणाची सोयरीक मोडली, कुणाचा बैल दरीत गेला, सगळं पहिल्यापासून सांगायची. साहेब आधी घड्याळाकडं बघायचे. पुढं पुढं बघायचे विसरले. एकदा तर मी ऐकलं, ते विचारत होते, "मग त्या सोयरिकीचं पुढं काय झालं?"

माझा नवरा मात्र जेवणाच्या दिवसापासून त्यांच्या समोर जायला लाजायचा. एक दिवस शाळेपुढं खोंड घेऊन उभा राहिला. बराच वेळ उभाच. मग साहेब बाहेर आले तसा म्हणाला, "बा, ह्यो नवा घेतलाय. बघ बरं, वशिंड चांगलं हाये का?"

साहेबांना बैलातलं काही कळत नव्हतं, हे खोंडालाही कळलं असेल. पण त्यांनी वशिंडावरून हात फिरवला, शिंगं पाहिली, सावकाश भोवती फिरले, आणि म्हणाले, "चांगला घेतलास."

नवसू घरी आला तो खोंडाच्या पुढं चालत. त्या दिवशी त्यानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

लुमाबाबा मात्र साहेबांशी बोलायला तयार नव्हते. लुमाबाबा म्हणजे धावजीबाबांचे जिवाभावाचे सोबती. लहानपणापासून दोघांनी गुरं एकत्र चारलेली. साहेब दिसले की ते तोंड फिरवून बसायचे. शेवटी साहेबांनीच विचारलं, "यांचं काय बिघडलं?"

"त्याला इचार, माझा कोयता कुठं हाये," लुमाबाबा मला म्हणाले. साहेब हाताच्या अंतरावर उभे होते. "हिरडा काढायला घेऊन गेला. आज देतो म्हणला आन मेला. कोयता दरीत गेला तो गेलाच. मरायची ही काय रीत झाली?"

साहेबांनी डोक्याला हात लावला आणि राईकडं निघून गेले.

राईत त्या दिवशी खरी गाठ पडली. मी सरपणाची मोळी घेऊन वरच्या रानातून येत होते. हिरड्याखाली हवालदार मोजणीची तिपाई उभी करायला बघत होता. नेमका मधला बिंदू तिथं येत होता आणि नेमका तिथंच मामंजींचा चिरा होता. हवालदारानं पहार आणली होती. आणि चिऱ्याला पाठ टेकून, पाय पसरून, आत्याबाई सुपारी कातरत बसल्या होत्या.

"बाई, उठा," हवालदार मोडक्या मराठीत म्हणत होता. "दगड बाजूला घेणार, पुन्हा ठेवणार."

"घ्या की," आत्याबाई म्हणाल्या. "मी कुठं नगं म्हणते? पण पहार ह्यांच्या हातात द्या." त्यांनी अडकित्त्यानं साहेबांकडं दाखवलं. "आपला चिरा आपल्या हातानं उपटणारा माणूस मला एक डाव बघायचाच हाये."

हवालदारानं खरंच पहार पुढं केली. साहेबांनी ती घेतली. आत्याबाई उठून बाजूला झाल्या, अगदी आदबीनं, डोक्यावर पदर घेऊन.

"थांबा, त्याआधी एक सांगते," त्या म्हणाल्या. "उजव्या अंगाला ही मोकळी जागा दिसती का? ती माझी. मीच धरून ठेवलीय. हाक मारली तर ऐकू यावी इतक्या जवळ, लाथ मारली तर लागू नये इतक्या लांब."

हवालदार हसला. साहेब हसले नाहीत.

"लोक म्हणले, दुसरा पाट लाव. वय होतं, रूपही होतं, हसू नका. मी म्हणलं, मला एकच हातभर जागा पुरं. त्या जागंवर डोळा ठेवून इतकी वर्सं काढली. आता तुमचं यंतर हितं बसलं, तार लागली, तर ही पोरं मला कुठं नेऊन टाकतील? अनोळखी माणसांत? बरं, तिथं गेल्यावर भांडू कुणाशी?"

बोलणं थट्टेचंच होतं, आवाजही तसाच होता. पण त्यांच्या हातातली सुपारी कातरायची राहून गेली होती. साहेबांनी पहार खाली ठेवली.

"तिपाई दोन हात पलीकडं घे," ते हवालदाराला म्हणाले.

"सर, मोजमाप चुकेल."

"चुकू दे. नंतर बघू."

दुसऱ्या दिवशी साहेब छावणीतला एक कोयता घेऊन लुमाबाबांच्या दारात उभे राहिले. पलटणीचा कोयता, लखलखीत, लाकडी मुठीचा. लुमाबाबांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं धार पाहिली, वजन केलं.

"माझा याच्याहून बोथट होता," ते म्हणाले. मग बराच वेळ कोयता उलटसुलट करून पाहिला. "असो. इतक्या वर्सांनी आणलास, तेवढा फरक पडायचाच. चल."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? गुरं चारायच्या वाटंनं. तू गेल्यापासनं मी एकटा तिकडं गेलो नाय."

दोघं गेले. ही वाट ओढ्याच्या अंगानं तिरकी चढत वरच्या सड्यावर जाते. सडा म्हणजे निव्वळ काळा खडक; त्यावर ना झाड, ना चिरा, भादव्यात तेवढी पिवळी सोनकी फुलते. लुमाबाबा धापा टाकत त्यांना जुन्या खोड्या सांगत होते, कुणाच्या काकड्या चोरल्या आणि कुणाच्या म्हशीवर बसून फिरले. साहेब आधी ऐकत होते. मग ते वाटेकडं बघायला लागले. गुरांच्या खुरांनी ती वाट कित्येक पिढ्या अशी बेतानं चढवली होती, की कुठं दम लागू नये. वर पोचल्यावर साहेब नुसते उभे राहिले. चारी बाजूंना उघडं आभाळ. लुमाबाबा काकड्यांवरून म्हशीवर आले तरी साहेबांचं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते दांड्या आणि तिपाई घेऊन परत सड्यावर गेले, त्याच्या पुढच्या दिवशीही गेले.

मोठे साहेब यायच्या आदल्या दिवशी ते आमच्या पडवीत येऊन बसले. मी चहा दिला. आत्याबाई तांदूळ पाखडत होत्या.

"आमच्या वर्ध्याकडंही पितर बसवतात," साहेब म्हणाले. "मी लहानपणी आजोबांचा मित्र बसलेला पाहिलाय. पण आमच्याकडं पितर जेवतो, हात धुतो आणि आपल्या घरी जातो. वर्षभर कुणी त्याला धरून ठेवत नाही."

मी चुलीकडं जाता जाता थांबले, कारण माझ्या माहेरीही तसंच होतं. इथली रीत निराळी असेल, म्हणून मी कधी विचारलं नव्हतं.

आत्याबाईंचं सूप थांबलं नाही. "ते वर्ध्याचे पितर," त्या म्हणाल्या. "हितले चिकट असतात."

"म्हणजे ही रीत नाही."

"आता झाली."

साहेब हसायला लागले. हसता हसता कप खाली ठेवला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही पुढच्या भादव्यापर्यंत म्हणालात ना, तेव्हाच."

"मंग बोलला नाय ते?"

"माझ्यावर इतक्या हक्कानं कधी कुणी रागावलं नव्हतं." मग त्यांचा आवाज बदलला. "बाई, आता खरं सांगतो. माझ्या हातात फार काही नाही. मी सड्याचं मोजमाप केलंय, ते त्यांच्यापुढं ठेवीन. पण मला हुकूम राईचा होता. मोठे साहेब नाही म्हणाले तर नाहीच. वर मलाच विचारतील, सांगितलं नव्हतं ते का केलंस."

"आन मंग?"

"मग माझी बदली, आणि राई..."

आत्याबाईंनी सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. "मेलेल्या माणसाची काय बदली करणार ते?" म्हणाल्या. पण साहेब गेल्यावर त्या राईकडं गेल्या आणि दिवेलागणीपर्यंत परत आल्या नाहीत.

ओढा उतरला तसे मोठे साहेब आले. बुटके, पांढऱ्या मिशांचे, हातात छडी. ते हिंदीत बोलायचे. मला समजलं ते मराठीत सांगते. वाटेनं येताना बायकांनी नेहमीसारखे हंडे ठेवले, पदर ओढले, ओळीनं उभ्या राहिल्या.

"वा," मोठे साहेब खूश होऊन म्हणाले. "फौजेचा किती मान ठेवतात ही माणसं!"

"हा मान फौजेचा नाही, सर," कॅप्टनसाहेब म्हणाले. "माझा आहे."

मोठ्या साहेबांनी त्यांच्याकडं वळून पाहिलं.

राईत गेल्यावर त्यांनी नकाशा उघडला, छडीनं सोंडेचं टोक दाखवलं, झाडं मोजल्यासारखी नजर फिरवली. वाडी सगळी मागं उभी. नकाशा पाहता पाहता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे सड्याचं मोजमाप कशाला? तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, सर. मला वाटलं."

"हुकूम काय होता?"

"राई, सर."

"मग इथं काय अडचण आहे? पाया? माती? पाणी?"

"नाही, सर. ते सगळं ठीक आहे."

"तर मग अडचण काय आहे, कॅप्टन?"

कॅप्टनसाहेबांनी चिऱ्यांकडं पाहिलं. मोठ्या साहेबांनीही पाहिलं. छडीचं टोक त्यांनी नेमकं हिरड्याखालच्या चिऱ्यावर टेकवलं. "हे दगड? कुणाचे आहेत हे? हा कुणाचा?"

"हा माझा, सर."

हवालदार जमिनीकडं बघायला लागला. मोठ्या साहेबांनी छडी सावकाश उचलून घेतली.

"तुझा."

"हो, सर."

"म्हणजे तू इथं..."

"गेलेला आहे, सर. बऱ्याच वर्षांपूर्वी."

मला वाटलं, आता संपलं. राईही गेली आणि साहेबांची नोकरीही गेली. मोठे साहेब त्यांच्याभोवती एक फेरी मारून पुढं आले.

"कशानं मेलास?"

"हिरड्यावरून पडून, सर. हाच हिरडा. फांदी ओली होती." कॅप्टनसाहेब ताठ उभे होते, नजर समोर. "बायकोनं चढू नका म्हणून सांगितलं होतं."

"आणि तू ऐकलं नाहीस."

"नाही, सर. चुकलं."

मागून कुणीतरी फिसकन हसलं, लुमाबाबाच असणार. मोठे साहेब बायकांच्या घोळक्याकडं वळले. "बायको कुठली?"

मी आत्याबाईंना पुढं केलं. त्या पुढं आल्या, पदर कपाळापर्यंत. मोठे साहेब एकदा त्यांच्याकडं बघत, एकदा कॅप्टनसाहेबांकडं.

"हा तुमचा नवरा?"

मी मराठीत सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "व्हय. आता तुमच्या हाताखाली हाये, तर जरा सांभाळून घ्या म्हणावं. भात थोडा जास्त लागतो." मी ते जमेल तसं हिंदीत केलं. भाताचं केलं नाही. पण मोठ्या साहेबांना तेवढं माझ्याशिवायच समजलं असावं, कारण त्यांची मिशी हलली.

मग ते चिऱ्यांच्या रांगेतून चालत गेले. चिरा आला की वळसा घ्यायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टोकापर्यंत जाऊन परत आले.

"कॅप्टन, सड्याची वाट दाखव."

वाट लुमाबाबांनी दाखवली. सगळी पलटण त्यांच्या मागं. आम्ही वाडीत वाट पाहत बसलो. चुली पेटल्या नाहीत, कुणी जेवलं नाही. आत्याबाई जात्यापाशी बसल्या होत्या, पण जातं फिरवत नव्हत्या. मी जवळ गेले तेव्हा पाहिलं, त्यांचा हात खुंट्यावर होता. मला बघून म्हणाल्या, "काय बघतीस? दळण संपलंय." जात्यात मूठभर दाणे तसेच होते.

मोठे साहेब उतरले ते गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. रस्ता लांब पडेल, पण गुरांच्या वाटेनं चढेल, असं ते बोलत होते. खडक चांगला आहे, झाड एकही तोडायला नको. सड्याचंच ठरलं. वर तसं लिहून पाठवतो म्हणाले. जीपमध्ये चढताना त्यांनी कॅप्टनसाहेबांना जवळ बोलावलं.

"अहवाल दोन दिवसांत पाहिजे," ते म्हणाले. "आणि खाली सही जिवंत माणसाची कर."

पुढं सड्यावर रडार आलं. अजून आहे. लुमाबाबा असेपर्यंत पोराटोरांना सांगायचे, ते मी आणि धावजीनं मिळून बसवलं. राईला कुणी हात लावला नाही. वाडीत अजून सांगतात, चांगुणाबाईनं डोकं लढवलं, साहेबाला पितर केलं आणि रान राखलं. मलाही आधी तेच वाटलं होतं.

छावणी उठली त्या दिवशी साहेब निरोप घ्यायला आले. वाकून आत्याबाईंच्या पाया पडायला गेले, तर त्या दोन पावलं मागं सरल्या. "अवो, बायकोच्या पाया पडत असत्यात व्हय? लोक काय म्हणतील?" मग आपणच पुढं होऊन त्यांच्या गालावरून बोटं फिरवली, कानशिलावर कडाकडा मोडली, आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "जा, लेकरा. सुखरूप राहा."

जीप ओढ्याच्या वळणाला दिसेनाशी झाली. बाकीची माणसं पांगली. आत्याबाई मात्र तिथंच उभ्या.

मी जवळ जाऊन म्हटलं, "आत्याबाई, कमाल केलीत. राई वाचवायला असं पितराचं कुणाला सुचलं असतं?"

"राईचं मागनं सुचलं गं."

"मागनं? मग त्यांना जेवायला बोलवलं ते कशाला? साहेबच आण म्हणालात, दुसरा कुणी नको."

त्यांनी आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. मग नव्या नवरीसारखा पदराचा शेव दातांत धरला.

"तो पहिल्या दिवशी ओढ्याची चढण चढून आला ना, टोपी काढून घाम पुशीत? ऊन त्याच्या पाठीमागं होतं. कान बघितलंस त्याचं? सुपाएवढं! आन उन्हात लालबुंद. नवसूच्या बाचं अगदी अस्संच होतं." आणि त्या एकदम खुदकन हसल्या. "म्हणलं, आला बाई परत. आता असा सोडायचा नाय. पोटभर जेवू घालीन, आन चांगला फैलावर घेईन."